येथे मान मोडून मिळणार नाही

माणसाचा चेहरा मी आरशात पाहतो, पण माणूस मला मागूनच कळतो. पस्तीस वर्षं झाली, मी लोकांच्या मागे उभा आहे. नालवाडीतल्या माझ्या सलूनच्या खुर्चीवर बसून आरशात हसत "एकदम मजेत" असं कोणी कितीही सांगितलं, तरी त्याचे खांदे कानांना भिडलेले असले की मी समजतो, ऑफिसात नवा साहेब आलेला आहे किंवा घरी साळा, म्हणजे बायकोचा भाऊ, मुक्कामाला आहे. चेहऱ्याला थापा मारता येतात. मानेला ते अजून जमलेलं नाही.

या अंकाचे संपादक माझे जुने गिऱ्हाईक. कॉलेजात शिकवतात आणि उरलेला वेळ लॅपटॉपसमोर बसतात. त्यांची मान खांद्यांच्या चांगली चार बोटं पुढे चालते. दारातून आधी मान येते, मग सर येतात. मागच्या महिन्यात त्यांना चादर बांधता बांधता मी एका मानेची गोष्ट सांगितली, ती मान मी गमावली कशी आणि ती परत आली कशी. ते म्हणाले, हे लिहून द्या. मी म्हणालो, सर, मी केस कापतो. ते म्हणाले, मग तर बरंच आहे, लांबण लागणार नाही. आता लिहायला बसलो आहे, तर कळतं की केस कापणं फार सोपं होतं.

आमचा धंदा ज्यांना फक्त खुर्चीवर बसून माहीत आहे, त्यांना वाटतं की कटिंग झाली, मानेवरचे केस ब्रशने झाडले, तुरटी फिरवली, झालं. आमच्या भागात खरं गिऱ्हाईक तेव्हा कुठे सावरून बसतं. मग डोक्याची चंपी, मग खांद्यांवर अंगठे, आणि सगळ्यात शेवटी मान मोडणं. बोटं मोडतात ना, तशी मान. डोकं दोन्ही हातांत धरायचं, माणूस बेसावध आहे असं पाहायचं आणि डावीकडे एक झटका. कट्ट. मग उजवीकडे. कट्ट. हे सगळं कटिंगमध्येच धरलेलं असायचं, भाजीवाल्याने वरून कोथिंबीर टाकावी तसं.

माझे वडील या कामात नामी होते. ते लाकडी पेटी घेऊन वडनेरच्या बाजाराला जायचे आणि दिवसभर पोत्यावर बसवून लोकांच्या माना मोडायचे. त्यांच्या काळच्या माना ओझ्याने आखडायच्या. कोणी गवताचा भारा आणलेला, कोणी पाण्याचे हंडे. माझ्या काळच्या माना ओझं नसताना आखडतात, ही गंमत आहे. डोक्यावर टोपीसुद्धा नाही, हातात पावभर वजनाचा मोबाईल, आणि मान अशी की दिवसभर विटा वाहिल्या असाव्यात.

आणि तो मोबाईल माझ्या खुर्चीवरही सुटत नाही. पूर्वी गिऱ्हाईक बसलं की आरशात स्वतःला न्याहाळायचं, त्यामुळे डोकं आपोआप सरळ राहायचं. माणसाच्या स्वतःवरच्या प्रेमाचा आम्हाला धंद्यात फार उपयोग होता. आता चादर बांधली की पाच मिनिटांत चादरीखाली उजेड पडतो. बोटाने हनुवटी वर करावी, तर कंगवा घेईपर्यंत ती परत छातीवर. जामच्या चौकात एकाचं हॉटेल आहे. तो खुर्चीवर बसून मोबाईलवर हॉटेलातला कॅमेरा बघतो. एकदा मी त्याच्या कानामागे वस्तरा फिरवत असताना तो एकदम ओरडला, "अबे, थो रस्सा उतू चालला ना! गॅस कमी कर!" रस्सा जामला उतू जात होता, पण कान नालवाडीत थोडक्यात वाचला.

तर अशा माना, आणि त्या मोडणारा मी. खोटं कशाला बोलू, मला त्याची घमेंड होती. समुद्रपूरकडून, हिंगणघाटकडून लोक यायचे. केस घरी कापून मान मोडायला माझ्याकडे येणारे महाभागही मी पाहिले आहेत.

माझी सगळ्यात लाडकी मान मधुकरची. मधुकर आणि मी पहिलीपासून एका बाकावर. तो मला गुन्या म्हणतो, मी त्याला मध्या. माझं नाव गुणवंत आहे, पण त्या नावाने मला फक्त बँक ओळखते. मध्या एका जिनिंगच्या वजनकाट्यावर बसतो. कापसाची गाडी काट्यावर चढली की खिडकीतून वर बघून गाडीचा नंबर घ्यायचा आणि खाली वाकून कॉम्प्युटरवर टाकायचा. तो कॉम्प्युटर ठेवणाऱ्याने काय विचार केला होता कोण जाणे, पण तो गुडघ्याच्या उंचीवर होता. वर, खाली, वर, खाली. कापसाचा सिझन लागला की दिवाळीपासून होळीपर्यंत हेच. आणि दर रविवारी सकाळी मध्या माझ्या खुर्चीवर.

"गुन्या, मोड बे लवकर. आठ दिवसाची भरून आली."

डावी कट्ट, उजवी कट्ट, आणि मग मध्याचं लांबलचक "आ हा हा". हे ऐकायला लोक हातातला पेपर खाली ठेवायचे. मला तर त्या आवाजानेच रविवार लागल्यासारखा वाटायचा.

आता तो रविवार सांगतो. सांगायला जड जातं, पण सांगतो.

दुकान भरलेलं होतं. जामचा हॉटेलवाला नागपूरच्या आपल्या साळ्याला मुद्दाम घेऊन आला होता. "पाह्य, हा मानूस मान वाजोते," असं त्याला दारातच सांगून ठेवलेलं. बाजूच्या खुर्चीवर एक रिटायर हेडमास्तर एका गालाची दाढी करून दुसऱ्या गालाला फेस लावून बसले होते. मध्या आला, बसला आणि बसता बसता म्हणाला, "गुन्या, दोन दिवसापासून उजव्या हाताले मुंग्या येऊन राह्यल्या."

मी म्हणालो, "नस चढली असन. एक झटका, आन् मोकळा."

नस काय जिना आहे का चढायला? पण आमच्या धंद्यात हे वाक्य वडिलांकडून मुलाकडे येतं, वस्तऱ्यासोबत.

डावी वाजली. उजवी वाजली नाही.

बाहेरच्या माणसाला यात काही वाटणार नाही. पण भरल्या दुकानात मान न वाजणं म्हणजे काय, ते ज्याच्या हातून वाजली नाही त्यालाच कळतं. तो नागपूरचा साळा हळूच म्हणाला, "बस?" एवढाच शब्द. मी पुन्हा डोकं धरलं, पुन्हा झटका दिला. नाही वाजली. मध्या म्हणाला, "राहू दे बे आता." मी राहू दिलं नाही. तिसऱ्यांदा जोर लावला आणि मान वाजली.

लोक खूश झाले. साळ्याने मान डोलावली. मध्याने मात्र "आ हा हा" केलं नाही. तेवढ्यात चहा आला, त्याने उजव्या हाताने कप घेतला आणि कप सरळ चादरीवर पालथा झाला. सगळे हसले, मीही हसलो. मध्या आपल्या हाताकडे बघत होता. म्हणाला, "गुन्या, हात कोठी गेला बे माहा?"

हात तिथेच होता, खांद्याला लोंबत.

ऑटोत मध्याला मी धरून बसलो होतो. दवाखान्यात पोहोचल्यावर पाहतो तर मागच्या ऑटोतून हेडमास्तर उतरले, गळ्यात माझी चादर आणि गालाला तसाच फेस. नर्सबाई धावत त्यांच्याकडेच गेली. तोंडाला फेस आलेला पेशंट तिला जास्त गंभीर वाटला असणार. आज हे आठवून हसू येतं. त्या दिवशी मला रडू येत होतं आणि ते मी लपवलंही नाही.

डॉक्टरांनी सांगितलं की मानेतून हाताकडे जाणारी नस आधीच दबलेली होती, मुंग्या त्याच्याच होत्या, आणि वरून मी झटके दिले. ऑपरेशनवाचून निभावलं हे नशीब. गळ्याला पट्टा, औषधं, घरी आराम, मग हाताचे व्यायाम. मध्याची बायको, सुमन वहिनी, बाहेरच्या बाकावर बसली होती. मी जवळ गेलो. ती ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. एवढंच म्हणाली, "भाऊजी, आता याईच्या मानेले हात लावू नोका."

मी हो म्हणालो.

आठ दिवसांनी मी त्याच दवाखान्यातल्या फिजिओथेरपीच्या मॅडमकडे गेलो. मध्याचे व्यायाम त्याच घेत होत्या. मी दारातूनच सांगितलं, "मॅडम, त्या मधुकरची मान ज्यानं मोडली, थो मीच."

मला वाटलं होतं आता दहा माणसांसमोर उद्धार होणार. त्या म्हणाल्या, "बसा. आधी तुमची मान डावीकडे वळवून दाखवा." मी वळवायला गेलो तर मान अर्ध्यातच अडली. त्या म्हणाल्या, "दुसऱ्यांच्या मोडता मोडता तुमची राहिलीच की." मग त्यांनी मला जे सांगितलं, ते मला वडिलांनी सांगितलं नव्हतं, कारण त्यांनाही कोणी सांगितलं नव्हतं.

मी आवाजाचं विचारलं. त्या म्हणाल्या, तो आवाज म्हणजे काही जागेवर बसल्याची पावती नाही. कुकरची शिट्टी झाली म्हणून डाळ शिजलीच असं असतं का? डोकं खांद्यांच्या बरोबर वर असलं की हाडं त्याचा भार झेलतात. ते पुढे झुकलं की मागचे स्नायू त्याला दिवसभर ओढून धरतात, आणि दिवसभर ओढून धरलेलं काहीही दुखणारच. त्याला झटका देऊन उपयोग नाही, त्याचं काम कमी केलं पाहिजे. आणि मुंग्या, हातातली ताकद जाणं, चक्कर, असं काही माणूस बोलला की आपले हात मागे घ्यायचे आणि त्याला दवाखान्यात पाठवायचं.

"म्हणजे मी काहीच करू नोको?" मी विचारलं.

"झटके सोडून पुष्कळ करता येईल. तुमचे हात चांगले आहेत. थोडं डोकं वापरा."

मी म्हणालो, "मॅडम, पस्तीस वर्षं डोकीच वापरून राह्यलो, पन सगळी दुसऱ्याची." तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या.

घरी आलो, पत्र्याचा तुकडा घेतला आणि स्वतःच्या हाताने रंगवला: 'येथे मान मोडून मिळणार नाही.' तो दुकानावर लावला आणि नालवाडीत चर्चेला विषय मिळाला. एका म्हाताऱ्याने बोर्ड दोनदा वाचून विचारलं, "काऊन गा, आधी मोडून मिळे काय?" जामचा हॉटेलवाला तर चिडलाच. "हे कसं झालं मालूम आहे का? मी हॉटेलावर बोर्ड लावला, येथे तर्री मिळनार नाई. मंग लोकानं यावं कायले?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. लोक कमी झाले. रस्त्यापलीकडच्या सलूनमधून रविवारी कट्ट कट्ट असे आवाज यायचे आणि माझ्या हातांना खाज सुटायची. एकदा तर एक गिऱ्हाईक माझ्याकडे कटिंग करून मान मोडायला पलीकडे गेलं आणि जाताना माझाच नॅपकिन खांद्यावर घेऊन गेलं. पण खरं सांगायचं तर लोक गेल्याचं मला एवढं लागलं नाही. लागलं ते एकाच माणसाचं.

मध्या तीन महिन्यांनी कामावर गेला. हात बराचसा सुधारला. आमचं भांडण झालं नाही. चहाच्या टपरीवर भेटायचो, कापसाचं बोलायचो, पावसाचं बोलायचो. केसांचं कोणी बोलायचं नाही. तो माझ्याकडे कटिंगला येईना आणि मी ये म्हणेना. कोणत्या तोंडाने म्हणू? तो पाठमोरा निघाला की मला त्याची मान दिसायची. कोणी कापत होता देव जाणे. डावा कल्ला एकीकडे, उजवा भलतीकडे, मागची रेघ अशी तिरपी की जणू काट्यावरून गाडी घसरली. माझा जीव तळमळायचा. मित्र गेला याचं दुःख की मित्राची कटिंग बिघडली याचं, हे मला तेव्हा वेगळं करता येत नव्हतं. दीड वर्ष असं गेलं.

मधल्या काळात मी नवीन कारभार सुरू केला होता. आरशाखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवला. खुर्चीवर बसायचं तर मोबाईल डब्यात. डबा वाजला की पाच जण एकदम खिसे चाचपतात. ज्यांना मॅच बघितल्याशिवाय गत्यंतरच नाही, त्यांच्यासाठी आरशाला डोळ्यांच्या उंचीवर एक खिळा आणि पट्टी लावली. मोबाईल तिथे अडकवायचा आणि मान ताठ ठेवून भारत हरताना बघायचं. कटिंगनंतर गरम पाण्यात पिळलेला टॉवेल मानेवर आणि खांद्यांवर, मग अंगठ्याने हळूहळू चोळणं. घाई नाही, झटका नाही.

पण सगळ्यात अवघड काम वेगळंच निघालं. लोकांना खांदे सोडता येत नाहीत. "खांदे सोडा" म्हटलं की माणूस श्वास धरतो आणि खांदे आणखी वर नेतो. वरून म्हणतो, "सोडलेलेच आहे ना भाऊ." शेवटी मला उलटी युक्ती सापडली. आधी म्हणायचं, खांदे वर घ्या, अजून वर, कानाला लावा, धरून ठेवा. आणि मग एकदम, सोडा. तेव्हा ते धपकन खाली येतात आणि माणूस आरशात स्वतःकडे बघत राहतो. इतके दिवस ते वर होते हे त्याला तेव्हा कळतं.

या युक्तीचं नाव झालं ते मात्र वैशालीमुळे. माझ्या दुकानाला लागून तिचं ऑनलाईन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. उत्पन्नाचा दाखला, शाळेचे अर्ज, काय वाट्टेल ते. सकाळी दहापासून ती स्क्रीनला डोळे लावून बसते. एक दिवस पार्टिशनवरून आवाज आला, "काका, तुमच्याकडं गरम टॉवेल असते ना, एक देता का? मान फिरूनच नाई राह्यली."

आता पंचाईत बघा. आमच्या दुकानात बाईमाणूस पाऊल ठेवत नाही, आणि मी तिच्या मानेला हात लावणं तर शक्यच नव्हतं. आधी विचारलं, हाताला मुंग्या येतात का, चक्कर येते का. तिने नाही म्हटल्यावर टॉवेल दिला आणि माझ्या उंबऱ्यावर उभा राहून तिच्या उंबऱ्याकडे बघत सांगू लागलो. आयुष्यभर ज्या माणसाने सगळं हाताने केलं, त्याला सगळं तोंडाने करायचं होतं. आधी तिच्या स्क्रीनखाली जुन्या अर्जांचे दोन गठ्ठे ठेवायला लावले, डोळ्यांच्या बरोबरीत येईल असे. मग माझा लहान मुलांना बसवायचा पाट तिच्या पायाखाली दिला. मग हनुवटी जरा मागे घ्यायची, सावकाश, जोर न लावता. ते मी स्वतः करून दाखवलं. रस्त्यावरून जाणाऱ्यांना दिसत होतं की एक न्हावी उंबऱ्यावर उभा राहून शेजारच्या पोरीकडे बघून मान मागेपुढे करतो आहे. संध्याकाळपर्यंत माझ्या बायकोपर्यंत बातमी गेली. तिला सगळं समजावून सांगावं लागलं, आणि समजल्यावर ती म्हणाली, "मले काऊन नाई सांगतलं कधी? माही मान का रस्त्यावर पडली आहे?" तेव्हापासून घरीही वर्ग सुरू आहे.

पंधरा दिवसांत वैशालीची मान फिरू लागली. पण ती व्यायाम विसरायची. मग आम्ही एक खूण ठरवली. दिवसातून दोनचार वेळा तिचा सर्व्हर डाऊन होतोच, त्यात कधी खाडा नाही. सर्व्हर डाऊन झाला की ती ओरडणार, "काका, गेला!" आणि मी उंबऱ्यावर येऊन सांगणार, "खांदे वर." तिच्यासमोर दाखल्यांसाठी रांग उभी असायची. रांगेतल्या माणसांना दुसरं काही काम नसतं. पहिल्या दिवशी ते हसले, दुसऱ्या दिवशी दोघांनी करून पाहिलं, आणि महिन्याभरात अख्खी रांग करायला लागली. धोतरवाले, जीन्सवाले, डोक्यावर पदर घेतलेल्या बाया, सगळ्यांचे खांदे वर. "सोडा!" म्हटलं की सगळे खाली. सर्व्हर लवकर आला तर लोक आता नाराज होतात.

असाच एका बुधवारी सर्व्हर गेला. "काका, गेला!" मी हातातली कातर ठेवून उंबऱ्यावर आलो, रांगेकडे वळलो आणि म्हणालो, "खांदे वर." रांगेत पाचवा मध्या होता.

मुलीच्या कॉलेजसाठी दाखला काढायला आला होता. सगळ्यांसोबत त्यानेही खांदे वर घेतले. डावा पुरता गेला, उजवा जरा मागे राहिला. माझ्याकडेच बघत होता. आता मला "सोडा" म्हणायचं होतं, आणि मी त्या मागे राहिलेल्या खांद्याकडेच बघत राहिलो. अख्खी रांग खांदे कानांना लावून उभी.

आतून वैशाली ओरडली, "काका, सोडा म्हना ना! लोकं लटकले आहे!"

मी कसंबसं म्हणालो, "सोडा." रांग हसत सुटली. मध्याही हसला.

दाखल्याचं काम झाल्यावर तो माझ्या दुकानात आला. दीड वर्षांनी. बोर्ड वाचला, डबा पाहिला, मोबाईल काढून डब्यात टाकला आणि खुर्चीवर बसला. "कटिंग करून दे."

"वहिनीले मालूम आहे?"

"तिनंच पाठोलं. म्हने, जाय, लोकं हासते तुमच्या डोक्याले. पन मान नोको देजा."

मी चादर बांधली. दीड वर्षाचा अन्याय मी अर्ध्या तासात सरळ केला. कल्ले सारखे केले, मागची रेघ सरळ मारली. मध्या बोलत होता. जिनिंगमध्ये त्याने भांडून कॉम्प्युटर वर घ्यायला लावला, त्याची गोष्ट सांगत होता. मग मी ब्रश घेऊन मानेवरचे केस झाडायला हात पुढे केला.

त्याचे खांदे वर गेले. सरळ कानांपर्यंत. त्याला स्वतःला पत्ता नव्हता, तो बोलतच होता. मला मात्र दिसलं. मोबाईलने वर नेलेले, कॉम्प्युटरने वर नेलेले, साहेबांनी आणि साळ्यांनी वर नेलेले खांदे मी इतकी वर्षं खाली आणत आलो. हे खांदे माझ्या हातांना बघून वर गेले होते. मला फार वाईट वाटलं. इतकं वाईट त्या दवाखान्याच्या बाकासमोरही वाटलं नव्हतं.

त्याला "सोड" म्हणायचा मला अधिकार नव्हता. मी ब्रश ठेवला. गरम टॉवेल पिळला, त्याला दाखवला, आणि मानेला बोट न लावता वरून नुसता सोडला. मग माझे दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर ठेवले, त्याला आरशात दिसतील असे.

म्हणालो, "मध्या, त्या दिवशी तू मुंग्या येते म्हनला होता. मी आयकलं होतं. तुहं दुखनं घालवाले नाई मोडली मी तिसऱ्या खेपेले. आवाजासाठी मोडली. लोकं पाहून राह्यले होते म्हनून."

तो म्हणाला, "मालूम आहे मले. तू दात खाल्ले होते."

"तुले कसं मालूम? मी तर मागं होतो."

"आरसा नाई का समोर?"

पस्तीस वर्षं मी मागे उभा राहून लोकांना ओळखत होतो, आणि समोरच्या आरशात मीही दिसतो हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्याने त्या रविवारीच सगळं पाहिलं होतं. दीड वर्ष चहा पिता पिता एकदाही बोलला नव्हता.

टॉवेल थंड झाला. मी दुसरा ठेवला. दुसराही थंड झाला, तिसरा ठेवला, आणि तेव्हा कुठे त्याचा डावा खांदा हळूहळू खाली आला. उजवा बोटभर वरच राहिला.

मध्या आता पुन्हा दर रविवारी येतो. त्याच्या मानेला मी अजून हात लावलेला नाही, वहिनीला दिलेला शब्द आहे. नुसता टॉवेल ठेवतो आणि हात खुर्चीवर. "आ हा हा" अजून आलेलं नाही. उजवा खांदा कधी अर्धं बोट उतरतो, कधी नाही. मी त्याला काही म्हणत नाही. रविवारी सकाळी दुकान उघडलं की आधी पाणी गरम करायला ठेवतो.